खरखरीच्या खाली

मंगळवार पेठ, कोल्हापूर
११ ऑगस्ट २०२५

मोना,

वर "चि. सौ." लिहायचं की नाही, यावर मी बराच वेळ पेन उघडं ठेवून बसले. राजवीरने तुला घटस्फोटाचे कागद पाठवलेत हे मला काल कळलं, तेही वकिलांच्या कारकुनाने "मॅडम, समोरच्या पार्टीची सही आली का?" असं फोनवर विचारल्यावर. समोरची पार्टी म्हणजे तू. मी त्याला असं काही ऐकवलं की तो पुन्हा आमच्याकडे फोन करायचा नाही.

तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचत नाहीस, म्हणून हा कागद. लातूरला तुझ्या माहेरी पोस्टमन अजून येतो असं धरून चालते.

मी राजवीरला जाब विचारला. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. म्हणाला, "आक्का, ती सत्तावीस वर्षांची हाय. मी हितं पडून ऱ्हाणार, आन् तिनं काय माझ्या उशाला बसून म्हातारं व्हायचं?" मी म्हटलं, तिला विचारलंस का? तर म्हणे, "विचारलं असतं तर ती न्हाय म्हणाली असती. म्हणून तर विचारलं न्हाय." आता यावर काय बोलायचं? लहानपणापासून हा असाच आहे. मैदानातही कुणाला पास द्यायचा नाही, स्वतःच घेऊन पळायचा.

तू का गेलीस हे मला आणि आईला माहीत आहे. त्याने ताट भिरकावलं, नको नको ते बोलला, तुझी बॅग दारात नेऊन ठेवायला लावली. गल्लीत कुणी तुला नावं ठेवली तर आई त्यांना सरळ सांगते, "माझ्या सुनंला हाकललीया माझ्या पोरानं. बोलायचं तर त्येला बोला." लग्नाला वर्षही झालं नव्हतं तुमच्या. तालमीचा फुटबॉल संघ फायनलला गेला म्हणून पोरांनी गल्लीवर आडव्या पताका बांधायचं काढलं, आणि सगळ्यात चपळ गडी म्हणून तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर हाच चढला आणि तिथून खाली पडला. फायनल झाली, पताका उतरल्या, सगळं झालं. हा मात्र कमरेखाली आपला राहिला नाही.

जाताना तू दारात मला विचारलं होतंस, "आक्का, डॉक्टर गोल गोल बोलतात. तुम्ही इंजिनियर आहात, तुम्ही खरं सांगा. त्यांच्या पायात काही जिवंत आहे का?" मी तेव्हा तुझ्या बॅगेची चेन लावत बसले. दवाखान्यातल्या मशीनवर काही आलं नव्हतं हे खरं. पण त्या खोलीच्या पलीकडे लिफ्ट, अलीकडे एसी, आणि मशीन स्वतःच इतकं खरखरत होतं की एखादा बारीक सिग्नल त्यात आला असता तरी बुडून गेला असता.

आणि बारीक सिग्नल खरखरीतून वर काढणं एवढं एकच काम मला येतं. शिरोलीला आमची कंपनी फौंड्रीतल्या मोटारींवर बसवायचे सेन्सर बनवते. बेअरिंग बिघडायच्या आधी जी बारीक थरथर सुरू होते ती पकडणारे. त्यातला ॲम्प्लिफायर माझा असतो. लोखंडाची थरथर पकडता येते तर भावाच्या मांडीतली का पकडू नये?

मी त्याच्यासाठी एक ॲम्प्लिफायर बनवते आहे. एवढंच मागते, माझं उत्तर येईपर्यंत सही करू नकोस. उत्तर काहीही असलं तरी खरं देईन.

तुझी,
आक्का


मंगळवार पेठ
३१ ऑगस्ट २०२५

चि. मोना,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी लिहिल्यास, पण त्या मी कंपनीच्या बसमध्ये शिरोलीपर्यंत वाचत होते. "दसऱ्यापर्यंत सही करत नाही. बाबा रोज विचारतात, मी टाळते. आक्का, तुम्ही जे सांगाल ते मी खरं धरीन. बाकी कुणाचं नाही." एवढा भार टाकू नये गं माणसावर. पण टाकलास ते बरं वाटलं.

आता काम कुठपर्यंत आलं ते सांगते. तू शाळेत मराठी शिकवणारी बाई, म्हणून सोपं करून लिहिते.

ॲम्प्लिफायर म्हणजे बारीक सिग्नल मोठा करून दाखवणारा. अडचण अशी की तो स्वतःही खरखरतो, रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे खरखरतो तसा. मेंदूने पायाला हुकूम दिला की स्नायूत जी वीज उठते ती मुळातच थोडी. राजवीरच्या बाबतीत ती उठलीच तर नुसती कुजबुज असणार. खरखर त्या कुजबुजीपेक्षा मोठी असेल तर ऐकू काय येणार? खरखर कमी करायची तर पहिल्या ट्रान्झिस्टरला जास्त करंट पाजावा लागतो, आणि करंट पाजला की बॅटरी बसते. भिंतीतल्या विजेवर चालवावा तर त्या विजेची गुणगुण आत शिरते. शिवाय मला तो दिवसभर त्याच्या मांडीवर बांधून ठेवायचा आहे, म्हणजे नखाएवढ्या बॅटरीवर चालायला हवा. कमी खाणारं आणि कमी बोलणारं माणूस घरात सापडत नाही, तसं सर्किटही सापडत नाही. माझा पगार त्यावरच चालतो.

माझ्या शेजारच्या टेबलावर सोहेल मुजावर बसतो. सर्किट माझं, बोर्डवरच्या तारांच्या वाटा आखणं त्याचं. तो रोज अर्धा तास थांबून हे घरचं काम करून देतो. बाहेरची गुणगुण आत येऊ नये म्हणून सगळं धातूच्या डब्यात बंद करावं लागतं. मी आईचा मसाल्याचा स्टीलचा डबा उचलला. मला वाटलं ओरडेल. तर म्हणाली, "ने की. डब्यापरीस प्वार मोठं हाय." आता मोहरी जिरं सगळं वाट्यांमध्ये उघडं आहे आणि डब्याला मी भोकं पाडलीत.

दोनदा लावून पाहिलं. मी "उचल" म्हणते, राजवीर दात आवळून पाय उचलायचा प्रयत्न करतो, पडद्यावर नुसती खरखर. मांडीवरचा सिग्नल उचलणाऱ्या चिकटपट्ट्या घामाने सुटतात, म्हणून आई शेजारी बसून त्या तळहाताने दाबून धरते आणि "उचल रं माझ्या वाघा" म्हणत त्याच्याबरोबर स्वतःही जोर करते. तिचा चेहरा लाल होतो. अपघातापासून ती त्याच्या पायावरचा हात काढतच नाही, हे तू पाहिलंच आहेस. सकाळी अंबाबाईचा अंगारा लावते आणि तिथेच बसते.

तो तुझ्याबद्दल विचारत नाही. तू लावलेल्या तुळशीला पाणी घातलं का, ते मात्र रोज विचारतो. मी घातलं म्हणून सांगते.

तुझी,
आक्का


मंगळवार पेठ
१४ सप्टेंबर २०२५

मोना,

दिसलं.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे. आज सकाळी दिसलं. एकदा नाही, जितक्या वेळा "उचल" म्हटलं तितक्या वेळा.

चूक माझीच होती. सर्किटमधल्या सगळ्या टप्प्यांना मी सारखा करंट वाटत होते, घरात सगळ्यांना सारखी भाकरी वाढावी तसा. काल डोक्यात प्रकाश पडला की खरखर ठरते ती पहिल्या टप्प्यात. मग पहिल्यालाच पोटभर दिला, पुढच्यांना जवळजवळ उपाशी ठेवलं. एकूण भूक तेवढीच आणि खरखर इतकी खाली गेली की सोहेल मीटर ठोकून बघायला लागला. मी आजवर बनवलेल्यात हा सगळ्यात शांत ॲम्प्लिफायर आहे, आणि हे मी स्वतःची टिमकी वाजवायला सांगत नाही.

आज रविवार, आंघोळी आटोपल्यावर बसलो. आईने अंगारा लावला, पट्ट्या दाबून धरल्या. मी म्हटलं, उचल. आणि त्या सरळ रेघेवर एकदम दाट झुडूप उगवल्यासारखं झालं. "सोड" म्हटलं की रेघ सरळ. पुन्हा "उचल", पुन्हा झुडूप. पाय हलला नाही, तसं समजू नकोस. पण हुकूम पोचतोय, मोना. वायर सगळी तुटलेली नाही.

राजवीर रडला. दवाखान्यातसुद्धा रडला नव्हता तो. मग म्हणाला, "आक्का, मोनाला कळीव. म्हणावं त्ये कागद फाड." मी म्हटलं, तूच कळव की. तर म्हणाला, "मी कुठल्या तोंडानं? तू कळीव." मग थोड्या वेळाने परत, "आन् तुळशीचं बी लिही." काय लिहू तुळशीचं? हिरवी आहे.

आईने गल्लीभर पेढे वाटायला काढले होते, मी वाटू दिले नाहीत. पण तिचं तोंड कोण धरणार? दुपारपर्यंत तालमीची पोरं येऊन गेली.

सोहेलला फोन केला तर हा शहाणा विचारतो, "मॅडम, ते त्याच्याच पायाचं हाय कशावरून?" मी म्हटलं, मग काय माझ्या डोक्याचं आहे? आणि फोन ठेवून दिला. आनंदाच्या वेळी असली माणसं जवळ नसावीत.

तू विचारलं होतंस, त्याचं हे उत्तर. आहे, मोना. जिवंत आहे.

तुझी,
आक्का


मंगळवार पेठ
२९ सप्टेंबर २०२५

चि. मोना,

तुझं पत्र आलं. शाळेत नोकरी सोडायची नोटीस दिलीस हे वाचलं. दिवाळीच्या सुटीला लागूनच सगळं सामान घेऊन येतेस म्हणालीस. बाबांशी भांडण झालं, आई रडली, तरी तू ठाम आहेस.

एवढी घाई करायला नको होतीस असं वाटतं. शाळा चांगली आहे, मुलं तुझ्यावर जीव टाकतात. नोटीस मागे घेता येते का, ते विचारून ठेव. असंच, असावं म्हणून.

इकडे नवरात्राची गर्दी. पंचमीला आई टेंबलाईच्या देवळात गेली होती, त्यामुळे त्या दिवशी राजवीरची चाचणी राहून गेली. कंपनीत कामही फार आहे. नव्या सेन्सरची ऑर्डर आहे. माझी तब्येत बरी आहे, काळजी करू नकोस.

राजवीरने न्हाव्याला घरी बोलावून दाढी केली. खाटेजवळचं कपाट तुझ्यासाठी रिकामं करायला लावलं.

सविस्तर नंतर लिहीन.

आक्का


मंगळवार पेठ
९ ऑक्टोबर २०२५

मोना,

आधी मुद्द्याचं लिहिते, कारण खाली गेल्यावर मला धीर राहायचा नाही. नोटीस मागे घे. राजवीरच्या पायात काही नाही. मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले. पंचमीला चाचणी राहून गेली नव्हती. झाली होती.

आई सकाळीच शेजारणींबरोबर टेंबलाईला गेली. राजवीर म्हणाला, "आई न्हाय म्हणून काय झालं, लाव की तू." मी पट्ट्या लावल्या, वरून कापडी चिकटपट्टी ओढून बांधल्या. उचल म्हटलं. रेघ सरळ. पुन्हा म्हटलं, पुन्हा सरळ. मला वाटलं ॲम्प्लिफायर गेला. बॅटरी बदलली, पट्ट्या बदलल्या, वायर हलवून पाहिल्या. मग माझ्याच दंडाला लावून मूठ आवळली, तर पडदा भरून गेला. म्हणजे यंत्र ठणठणीत. परत त्याच्या मांडीला लावलं, आणि रेघ सरळ.

तो म्हणाला, "आज जोरच लागंना बघ. उपास घडलाय व्हय मला?" मी हसले. आतून मला कळायला लागलं होतं, पण मी ते कळू देत नव्हते स्वतःला.

आई आली. पाय धुतले, हात पुसले, सवयीने येऊन बसली आणि पट्ट्यांवर तळहात ठेवला. मी काही म्हणायच्या आत पडद्यावर झुडूप उगवलं. राजवीरने तेव्हा काहीच केलं नव्हतं. पाणी पीत होता तो.

मी म्हटलं, आई, हात काढ. तिने काढला. सरळ. ठेव म्हटलं, ठेवला. मी म्हटलं, राजवीर, तू काही करू नकोस, नुसता पडून राहा. आई, तू दाब. तिने दाबलं, आणि मोना, तेच झुडूप. तीच उंची, तोच दाटपणा. इतके दिवस आम्ही आईच्या हाताची वीज त्याच्या पायाची म्हणून बघत होतो. कातड्याला कातडं टेकलं की एवढीशी वीज पलीकडे जाते. पहिल्या ॲम्प्लिफायरमध्ये ती खरखरीत बुडून जात होती म्हणून दिसली नाही. मी खरखर काढली आणि आई दिसायला लागली.

कंपनीत चाचणी सुरू असताना मी कुणाला टेबलाला टेकू देत नाही. सोहेलने एकदा शेजारी चहाचा कप ठेवला तर त्याला मी सगळ्यांदेखत झापलं होतं. आणि घरी आई त्याच्या पायावर हात ठेवून बसली होती, ते मला दिसलंच नाही. आईचा हात तिथे नेहमीच असतो ना. खाटेचा पाय बघतो का आपण? सोहेलने पहिल्याच दिवशी नेमकं तेच विचारलं होतं, आणि मी त्याच्यावर डाफरले.

मग आईने आपला पंजा उलटासुलटा करून पाहिला. म्हणाली, "म्हंजी त्ये माझं हुतं व्हय?" मी हो म्हटलं. "माझ्या हातात एवढं हाय, तर मग त्येच्या पायात का उतरंना गं?" मी तिथून उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

परत आले तेव्हा राजवीर छताकडे बघत होता. मला म्हणाला, "आक्का, खरं सांगू? मला जाणवत काईच नव्हतं. पर रेघ वर जाती म्हटल्यावर वाटायचं, जाणवतंय बी." मग म्हणाला, "मोनाला कळीवलंस?" मी म्हटलं, आत्ता तर कळलंय, कळवते. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. मी हो म्हणाले. कळवलं नव्हतं. तुला जे पत्र लिहिलं ते तू वाचलंसच, टेंबलाई आणि कंपनीची ऑर्डर.

का लिहिलं नाही? तू येणार होतीस म्हणून. सामान घेऊन येणार होतीस. एकदा आलं की माणूस तुटत नाही, दोन वर्षं, चार वर्षं, राहून जातं, असा हिशोब केला मी. तुझं आयुष्य माझ्या भावाच्या उशाला बांधून टाकायचा हिशोब. काल राजवीर म्हणाला, "तिनं नोटीस मागं घितली असंल न्हवं?" आणि त्याच्या आवाजात अशी काळजी होती तुझी, की मला माझीच शिसारी आली. त्याला तू हवी आहेस, मोना. कपाट अजून रिकामंच आहे. आणि तरी तो नोटिशीचं विचारत होता.

तू म्हणाली होतीस, तुम्ही सांगाल ते खरं धरीन. हे खरं आहे. येऊ नकोस. सही कर.

आक्का


मंगळवार पेठ
११ नोव्हेंबर २०२५

मोना,

तू सुखरूप पोचलीस आणि शाळेने नोटीस रद्द केली, हा तुझा निरोप मिळाला. बरं झालं. हे माझं शेवटचं पत्र, आणि याला उत्तर नको. पण एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भाऊबीज झाल्यावर तू अशी अचानक दारात उभी राहिलीस, हातात फक्त एक पिशवी, तेव्हाच मला कळलं की तू राहायला आलेली नाहीस. आई तुला बघून चुलीवरचं दूध विसरली. तू मला म्हणालीस, "आक्का, मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. कुणीही हात लावायचा नाही." माझ्या शब्दावर तुझा विश्वास उरला नव्हता. मला राग आला नाही, खरंच. त्या विश्वासाचं मी काय केलं ते मला माहीत आहे.

आई आपण होऊन स्वयंपाकघरात गेली आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी राहिली. पट्ट्या मी लावल्या आणि मागे सरले. "उचल" तू म्हणालीस. इतके दिवस मी म्हणत होते, पण तू म्हटल्यावर त्याने जो जोर केला तो मी आजवर पाहिला नव्हता. मानेच्या शिरा फुगल्या, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. रेघ सरळ. तू पुन्हा म्हणालीस, तो पुन्हा झटला. शेवटी तूच म्हणालीस, "बस करा. अहो, बस करा आता." तेव्हा कुठे तो थांबला.

मग तू स्टुलावर कागद ठेवून सह्या केल्यास. एकेका पानावर नाव पूर्ण लिहिलंस, घाई केली नाहीस. तो खिडकीकडे बघत होता. सह्या झाल्यावर तो म्हणाला, "चांगल्या माणसाशी कर." तू त्याच्या खाटेवर टेकलीस, थोडा वेळ बसलीस, आणि मग उठून आईच्या पाया पडलीस.

मी तुला एसटी स्टँडवर सोडायला आले. लातूरची गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवताना तू मागे वळून म्हणालीस, "मी निघताना त्यांच्या पायावर हात ठेवला होता, आक्का. त्यांना कळलं पण नसेल." मी तोंड उघडलं तोवर कंडक्टरने घंटी मारली. त्याचं उत्तर द्यायला हे पत्र लिहिते आहे.

त्याला कळलं, मोना.

मी पट्ट्या काढायच्या विसरले होते. ॲम्प्लिफायर चालूच होता. तू खाटेवर बसलीस तेव्हा तुझी पाठ पडद्याकडे होती. तू त्याच्या मांडीवर, पट्टीच्या शेजारी हात ठेवलास, आणि मी दारातून पाहिलं, रेघ हलली. आईसारखा जोर नव्हता त्यात. तू दाबत नव्हतीसच. तुझा हात थरथरत होता, आणि ती थरथर तशीच्या तशी, बारीक बारीक, पडद्यावर उठत होती. राजवीरची मान तिकडेच होती, तुझ्या खांद्यावरून. त्याला कमरेखाली काही कळत नाही. पण त्याने बघितलं की तुझा हात त्याच्यावर आहे, आणि किती वेळ आहे, आणि तो केव्हा निघाला. त्याने श्वाससुद्धा मोठा घेतला नाही, रेघ बिघडेल म्हणून. मी तिथून बाजूला व्हायला हवं होतं, पण पाय निघाला नाही.

तुला तो काहीच बोलला नाही. बोलला असता तर तू हात काढला असतास, किंवा काढलाच नसतास. दोन्ही त्याला नको होतं.

स्टँडवरून मी परत आले तर तो तसाच पडून होता, तोंड पडद्याकडे. रेघ सरळ चालली होती. म्हणाला, "आक्का, मगाचं त्ये मशीननं साठवून ठिवलंय का?" हो म्हणावंसं वाटलं मला, फार वाटलं. पण मी रेकॉर्डिंग सुरूच केलं नव्हतं, फक्त पडदा चालू होता. नाही म्हणून सांगितलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "न्हाय तर रोज बघत बसलो असतो."

मग त्याने मला पट्ट्या काढायला सांगितल्या.

आक्का